जाहिरात खालून वर वाचावी

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ग्रंथालयात प्रशिक्षणासाठी आलेली एक मुलगी गेल्या महिन्यात भेटायला आली. हातात नोकरीच्या जाहिरातीची छापील प्रत होती आणि तिच्यावर पिवळ्या मार्करने रेघा ओढलेल्या होत्या. इतक्या, की न रंगवलेल्या ओळीच आधी नजरेत भरत होत्या.

"हे काय गं?"

"मॅडम, मला जे येत नाही ते पिवळं केलंय."

मी कागद घेतला. वर पदाचं नाव, ग्रंथपाल. त्याखाली पदव्युत्तर पदवीची अट. ती तिच्याकडे होती, म्हणून ती ओळ पांढरी. मग मार्क २१, आरडीए, कोहा, डीस्पेस, मेटाडेटा, एसक्यूएल, पायथॉन, संशोधन-डेटाचं व्यवस्थापन, प्रकाशकांशी परवान्याच्या वाटाघाटी, माहिती साक्षरतेचे वर्ग, समाजमाध्यमं, एआयच्या साधनांचा परिचय. सगळं पिवळंधमक. आणि अगदी तळाशी एक पांढरी ओळ: 'वाचकांशी उत्तम संवाद साधण्याची क्षमता.'

"ही का सोडलीस?"

"ती सगळ्याच जाहिरातींत असते मॅडम. तिला काही अर्थ नसतो."

मला त्या उत्तराचं वाईट वाटलं. तिची चूक नव्हती. वर्गात मुलांना सॉफ्टवेअरची नावं शिकवली जातात, परीक्षेत तीच विचारली जातात आणि जाहिरातीतही तीच वर असतात. मी तिला म्हटलं, कागद खालून वर वाचायला लाग. पुस्तकाचा विषय ठरवताना नुसत्या शीर्षकावर विसंबायचं नाही, हे आपण पहिल्याच सत्रात शिकतो. अनुक्रमणिका बघायची, प्रस्तावना बघायची, एखादं प्रकरण चाळायचं आणि मगच वर्गांक द्यायचा. नोकरीच्या जाहिरातीलाही तोच नियम लाव. पदाचं नाव म्हणजे शीर्षक. खरा विषय खाली असतो, 'कामाचं स्वरूप' या चार ओळींत.

त्या दिवशी आम्ही दोघी तीन तास बसलो. तेव्हा बोललेलं आणि तेव्हा न सुचलेलं, असं दोन्ही इथे लिहिते आहे.

मी या व्यवसायात आले तेव्हा तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची, हे लाकडी खणांचं कपाट होतं. साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर उंच अशी कार्डं, खालच्या बाजूला मधोमध एक भोक आणि खणातल्या सगळ्या कार्डांच्या भोकांतून गेलेली एक सळई. नवशिक्याला सळई काढायची परवानगी नसे. मी कार्ड वर्णक्रमाने योग्य जागी ठेवायची, पण सळईच्या वरच. त्यामुळे ते इतर कार्डांपेक्षा बोटभर उंच राहायचं. संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ बाई यायच्या, वर आलेलं एकेक कार्ड तपासायच्या, मागचं-पुढचं कार्ड बघायच्या आणि बरोबर असेल तर सळई ओढून ते खाली बसवायच्या. चुकलं असेल तर काही न बोलता आडवं करून ठेवायच्या. सकाळी आल्यावर मी आधी खणांकडे बघायची, किती कार्डं आडवी आहेत ते.

हे आठवणींचं कौतुक म्हणून सांगत नाही. एका अंकासाठी सांगते आहे.

इंग्रजी पुस्तकाचं शीर्षक 'द'ने सुरू होत असेल तर ते 'द'खाली लावायचं नाही, पुढच्या शब्दाखाली लावायचं, हा कार्डांच्या जमान्यातला नियम. माझी पहिली आडवी कार्डं याच चुकीची होती. पुढे संगणक आले, मार्क ही संगणकावर पुस्तकाची नोंद करण्याची पद्धत आली आणि शीर्षकाच्या २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात दुसऱ्या निर्देशकाची जागा दिसली. तिथे शून्य ते नऊपैकी एक अंक लिहायचा: क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची. 'द' असेल तर त्याची तीन रोमन अक्षरं आणि पुढची एक मोकळी जागा मिळून चार. हा अंक पहिल्यांदा टाइप केला तेव्हा मला ते आडवं कार्ड लख्ख आठवलं. बाईंनी शिकवलेला नियम इथे एका आकड्यात येऊन बसला होता. माझ्याबरोबर प्रशिक्षण घेणाऱ्या संगणकवाल्या मुलांना तो अंक कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागलं. मला लागलं नाही.

मार्कची रचना करणाऱ्या हेन्रिएट अ‍ॅव्हरम स्वतः ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्या प्रोग्रॅमर होत्या. १९६५मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या आणि यंत्राला वाचता येईल अशी नोंद कशी असावी, हे ठरवण्यासाठी आधी तालिकाकारांचं काम मुळापासून शिकून घेतलं. कार्डावरचं प्रत्येक विरामचिन्ह तिथे का आहे हे समजून घेतलं आणि मग त्याला क्षेत्रं, उपक्षेत्रं, निर्देशक दिले. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण आज आपल्याला उलट दिशेने तोच रस्ता चालायचा आहे. अ‍ॅव्हरम यांनी संगणकाकडून तालिकेकडे येऊन शिकून घेतलं. आपण तालिकेकडून संगणकाकडे जायचं. रस्ता दोन्ही बाजूंनी खुला आहे. मधे बसून राहिलं तर मात्र कोणी बोलवायला येत नाही.

कार्डं गेली. ग्रंथालयांना कार्डं पुरवणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकी संस्थेने शेवटची छापील तालिकापत्रं काढली ती १ ऑक्टोबर २०१५ रोजी. म्हणजे तसं फार जुनं नाही. त्यांच्याबरोबर एक कारकुनी कौशल्यही गेलं, आणि ते गेलं याचं मला दुःख नाही. पण वाचक कोणत्या शब्दाने शोधत येईल, याचा अंदाज घेऊन नोंद करणं गेलेलं नाही. त्यालाच आता मेटाडेटा म्हणतात, आणि त्या शब्दापाशी आली की माझी विद्यार्थिनी पिवळा मार्कर उचलते.

आता त्या पांढऱ्या ओळीबद्दल.

मी काही वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात होते. एके दुपारी एक निवासी डॉक्टर घाईघाईने आले आणि म्हणाले, "मधुमेहावर नवीन काहीतरी द्या." मधुमेह हा शब्द टाकला तर हजारो लेख निघतात. मी विचारलं, कशासाठी हवंय? म्हणाले, एका रुग्णासाठी. रुग्णाचं वय? सत्तरीच्या पुढे. मधुमेहाचं नेमकं काय? औषधाचं. कोणतं औषध? मेटफॉर्मिन. त्याचं काय, परिणाम, दुष्परिणाम, मात्रा? मग ते थांबले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "रुग्णाचं मूत्रपिंड कमजोर झालंय. मात्रा कमी करायची की औषधच बंद करायचं, हे मला बघायचंय."

दोन मिनिटंही लागली नव्हती. पण आल्यावर त्यांनी जे मागितलं ते आणि त्यांना जे हवं होतं ते, यांत किती अंतर होतं! त्यांनी काही लपवलं नव्हतं. माणूस ग्रंथालयात येतो तेव्हा इथे काय मिळत असेल, याचा तो स्वतःच अंदाज बांधतो आणि त्या अंदाजात बसेल असा प्रश्न विचारतो. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी आत कुठेतरी अस्पष्ट टोचणारी गरज. मग मनातल्या मनात जाणवलेली. मग शब्दांत नीट मांडलेली. आणि शेवटी काउंटरवर येईपर्यंत तडजोड होऊन उरलेली. आपल्या हातात पडते ती चौथी. तिथून मागे पहिलीकडे जायचं, हे आपलं काम. वाचकाशी असा माणसासारखा संबंध ठेवावा, असं अमेरिकी ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६मध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे ड्यूईंची दशांश पद्धत छापली गेली त्याच वर्षी. संदर्भसेवा आणि वर्गीकरण ही दोन्ही भावंडं एकाच वयाची आहेत. शिकवताना मात्र आपण एकालाच मांडीवर घेतो.

प्रश्न कळल्यावर पुढचं काम तांत्रिक होतं. एक गट औषधाच्या नावांचा, दुसरा मूत्रपिंडाच्या विकाराचा, तिसरा वयाचा. प्रत्येक गटात समानार्थी शब्द 'किंवा'ने जोडायचे आणि गट एकमेकांशी 'आणि'ने. शिवाय प्रत्येक संकल्पनेचं मेश या विषयशीर्षकांच्या यादीतलं अधिकृत नाव शोधायचं, कारण लेखकाने 'किडनी' लिहिलं असो की 'रीनल', तालिकाकाराने दोघांना एकाच शीर्षकाखाली आणलेलं असतं. १९६०पासून ही यादी चालू आहे आणि दरवर्षी तिची डागडुजी होते. निघालेले लेख मोजके होते. डॉक्टरांनी त्यातले तीन निवडले आणि गेले.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली की तिला पद्धतशीर आढावा म्हणतात, आणि तिथे आज आपल्या लोकांना खरी मागणी आहे. एखाद्या उपचाराबद्दल जगात जे जे संशोधन झालं ते सगळं गोळा करून तपासायचं असेल, तर शोधच अपुरा राहून चालत नाही. सुटलेला एक अभ्यास निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून असे वैद्यकीय आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मार्गदर्शिकेत शोधाची आखणी करताना वैद्यकीय ग्रंथपालाला किंवा माहितीतज्ज्ञाला बरोबर घ्या, असं सांगितलेलं आहे. शोधसूत्र जसंच्या तसं, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला चालवलं, हे लिहून प्रसिद्ध करावं लागतं. ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांची नावं आता शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून येतात. आभाराच्या ओळीतून लेखकांच्या ओळीत. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि एआय? तिने हा प्रश्न विचारलाच. "आता यंत्रच उत्तर देतं, मग आपण कशाला?"

मी तिला एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तो सहा संदर्भांची यादी घेऊन आला आणि म्हणाला, हे लेख मिळवून द्या. मी शोधायला बसले. दोन सापडले. बाकीचे चार कुठेच नाहीत. नियतकालिकं खरी होती. एका लेखाचे लेखकही खरे होते, त्याच विषयात काम करणारे. पण खंड क्रमांक आणि वर्ष जुळत नव्हतं. ते नियतकालिक कधी सुरू झालं ते बघून वर्षं मोजली तर त्या वर्षी तो खंड येऊच शकत नव्हता. दुसऱ्या संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकला तर तो भलत्याच विषयाच्या लेखावर गेला. मुलगा रडवेला झाला. त्याने फसवायचा प्रयत्न केला नव्हता. चॅटबॉटने दिलेली यादी खरी असेल, असं त्याला मनापासून वाटलं होतं. अशीच फसगत वकिलांचीही झाली आहे. न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले दिले म्हणून २०२३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमधल्या फेडरल न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला.

खंड आणि वर्ष जुळतं का हे पाहणं, डीओआय उघडून बघणं, लेखकाचं नाव अधिकृत नोंदीशी ताडून पाहणं, ही आपली रोजची कामं. त्यांना कोणी कौशल्य म्हणत नव्हतं, कारण ती पडद्यामागे चालायची. आज ती काउंटरवर आली आहेत. जाहिरातीत 'एआय साधनांचा परिचय' लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा साधन चालवता येणं असतं. मुलाखतीत तू त्यांना साधन तपासता येतं हे दाखव, असं मी तिला सांगितलं. त्यासाठी ते आधी भरपूर वापरलेलं असलं पाहिजे, हेही सांगितलं. लांबून नाक मुरडणाऱ्याला त्याच्या चुका सापडत नाहीत.

एवढं सगळं सांगितल्यावर बाजाराबद्दल गोड बोलून मला तिला फसवायचं नव्हतं.

जागा कमी झाल्या आहेत. मी एका संस्थेत बरीच वर्षं काम केलं. तिथला एक सहकारी निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही. वरून सांगितलं गेलं, आता सगळं ऑनलाइन आहे, माणसं कशाला लागतात? तो प्रसंग मला आजही खुपतो. कारण ऑनलाइन झाल्याने आमचं काम वाढलं होतं. छापील अंक एकदा मांडणीवर ठेवला की तो तिथेच असतो. ऑनलाइन नियतकालिक तसं नसतं. करार संपतो, दुवा तुटतो, प्रकाशक नियतकालिक दुसऱ्याला विकतो, संस्थेचा आयपी पत्ता बदलतो आणि सकाळी नऊ वाजता पन्नास जणांना एकदम 'प्रवेश नाही' दिसतं. तेव्हा फोन आमच्याकडेच येतो. करारातल्या ओळी वाचाव्या लागतात: वर्गणी बंद केल्यावर जुने अंक उघडतील का, दुसऱ्या ग्रंथालयाला लेखाची प्रत देता येईल का, शिक्षकाला तो अभ्यासक्रमात जोडता येईल का. मी कायदा शिकले नव्हते, पण 'कायमचा प्रवेश' हे शब्द करारात नसले तर काय होतं, ते भोगून शिकले.

त्याच काळात मला आकड्यांची ताकद कळली. काउंटर नावाचं एक मानक आहे. त्यानुसार प्रकाशक वापराचा अहवाल देतात: कोणतं नियतकालिक किती वेळा उघडलं गेलं. वर्गणीला त्या आकड्याने भागलं की एका वापराचा खर्च निघतो. हे सगळेच करतात. पण त्याच अहवालांत नाकारलेल्या मागणीचाही आकडा असतो. म्हणजे आपण जे घेतलेलं नाही आणि ज्याच्या दारावर आपले वाचक थाप मारून परत गेले. तो आकडा घेऊन मी बैठकीत गेले. आधीची तीन वर्षं मी ग्रंथालयाचं महत्त्व सांगत होते आणि लोक मान डोलावत होते. त्या दिवशी मी फक्त एवढंच सांगितलं, की या सात नियतकालिकांपाशी आपले संशोधक रोज अडतात. पंधरा दिवसांत निर्णय झाला. स्प्रेडशीट नीट वापरता येणं मी तेव्हापासून आवश्यक कौशल्यांत पहिल्या पाचांत धरते.

जागा मुदतीच्या करारावर निघतात, हेही खरं. एका माणसाच्या पगारात तीन माणसांचं काम मागणाऱ्या जाहिराती मी रोज बघते. तिच्या हातात होती ती तशीच होती. तालिकाकार, सिस्टिम सांभाळणारा आणि शिकवणारा अशी तीन पदं एका ओळीत कोंबलेली. मी तिला स्पष्ट म्हटलं, ही यादी पुरी करणारा माणूस त्यांनाही मिळणार नाही आणि ती पुरी नसणं हा तुझ्यातला उणेपणा नाही. 'आवश्यक' काय आणि 'असल्यास प्राधान्य' काय, ते वेगळं कर. तिने केलं. पिवळ्या ओळींतल्या तीनच ओळी 'आवश्यक'खाली निघाल्या.

पण जागा कमी झाल्या हे अर्धंच खरं. कितीतरी कामं नाव बदलून दुसरीकडे गेली आहेत. मी तिला विचारलं, नोकरी शोधताना कोणता शब्द टाकतेस? म्हणाली, ग्रंथपाल. शोध शिकलेल्या मुलीने एकाच शब्दावर थांबावं? मग आम्ही समानार्थी शब्दांचा गट केला, अगदी मेटफॉर्मिनसारखा. मेटाडेटा तज्ज्ञ. टॅक्सॉनॉमिस्ट. डेटा स्टुअर्ड. रेकॉर्ड्स मॅनेजर. नॉलेज मॅनेजमेंट. डिजिटल प्रिझर्व्हेशन. रिसर्च सपोर्ट. इन्फॉर्मेशन स्पेशालिस्ट. सगळे 'किंवा'ने जोडले. स्क्रीनवर आलेल्या ओळी बघून ती बराच वेळ गप्प होती.

टॅक्सॉनॉमिस्ट म्हणजे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची आठवण करून दिली. मूळचा गणिताचा शिक्षक. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहताना त्यांना सुचलं, की सुटे भाग जोडून हवी ती वस्तू बनवता येते, तसे विषयाचे सुटे पैलू जोडून कोणत्याही पुस्तकाचा वर्गांक बनवता येईल. त्यातून १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण आलं. ते चालवणारी ग्रंथालयं आज थोडी आहेत. पण एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर डावीकडे रंग, माप, कापड, किंमत अशा खुणा करून आपण हवी ती वस्तू गाळून घेतो, तेव्हा पैलूंची तीच कल्पना काम करत असते. ते पैलू कोणीतरी ठरवावे लागतात. 'निळा' आणि 'आकाशी' वेगळे ठेवायचे की एकत्र, हे कोणीतरी विचार करून ठरवतं. वर्गीकरण शिकलेल्या माणसाला हे काम परकं नाही. फक्त पदाच्या नावात 'ग्रंथ' नसतो.

या कामांचीही दुसरी बाजू आहे. तिथे वाचक समोर नसतो. माझ्यासारखीला ते जमलं नसतं, मला समोर माणूस लागतो. तिला काय लागतं, ते तिने ठरवायचं.

शिकायचं काय आणि किती, यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. तिच्याकडे ऑनलाइन अभ्यासक्रमांची अकरा प्रमाणपत्रं होती. मी म्हटलं, यातलं एक तरी काम करून दाखवता येईल का? प्रमाणपत्र म्हणजे तू तिथे बसली होतीस एवढंच.

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचंच घे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताना बंद पडायची भीती होती, म्हणून त्यांनी नवी बनवून घेतली. ती २०००च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्यांनी ती सगळ्यांना मोकळी करून दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. म्हणजे ही भेट तुझ्याही दारात येऊन पडलेली आहे. स्वतःच्या संगणकावर बसव, दोनशे नोंदी आत आण, देवघेवीचे नियम लाव, मोडेल तिथे मोडू दे. दोन आठवड्यांत तू ज्या चुका करशील त्या कोणत्याही वर्गात करता येणार नाहीत.

दुसरं ओपनरिफाइन, विस्कटलेल्या याद्या साफ करायचं साधन. मी ते उतारवयात शिकले आणि लहान मुलासारखा आनंद झाला. साडेतीन हजार नोंदींची एक वारसाने आलेली फाइल होती, प्रकाशकांची नावं नाना तऱ्हांनी लिहिलेली. कुठे शेवटी टिंब, कुठे 'अँड'च्या जागी चिन्ह, कुठे एक मोकळी जागा जास्त. गठ्ठे पाडण्याची आज्ञा दिली की सारखी दिसणारी नावं एकत्र येतात. पण ते फक्त सुचवतं. हे दोघे एकच, असं म्हणणारी खूण आपण करायची असते. चायकोव्हस्कीचं नाव रोमन लिपीत 'टी'नेही सुरू होतं आणि 'सी'नेही, तो माणूस मात्र एकच. उलट अगदी सारख्या नावाचे दोन संशोधक वेगळे असू शकतात. म्हणून तर २०१२मध्ये संशोधकांना सोळा अंकी ऑर्किड क्रमांक देणं सुरू झालं. त्या फाइलवर मी चार संध्याकाळी घालवल्या. यंत्राचं काम काही मिनिटांचं होतं. बाकी सगळा वेळ, हे दोघे एकच का, या प्रश्नात गेला.

पायथॉनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळ्यांनी प्रोग्रॅमर व्हावं, असं मला वाटत नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम वाचता यावा, त्यातलं फाइलचं नाव बदलून चालवता यावा आणि संगणक विभागातल्या माणसाला आपल्याला काय हवंय ते त्याच्या भाषेत सांगता यावं, एवढं तरी हवंच. नाहीतर तो काहीतरी बनवून देतो आणि आपण पुढची दहा वर्षं त्याच्याशी भांडत बसतो.

शेवटी आम्ही तिचा अर्ज काढला. 'मेहनती', 'जिज्ञासू', 'संघभावनेने काम करणारी' असे शब्द होते, ते काढून टाकले. मग मी विचारलं, माझ्याकडे होतीस तेव्हा काय काय केलंस? काउंटरवर बसायचे, म्हणाली. आणि? पुस्तकं लावायचे. आणि? बराच वेळ आठवल्यावर म्हणाली, "ती वही होती ना मॅडम."

मीही विसरले होते. तीन महिने ती एका वहीत टिपत होती, की काउंटरवर येऊन लोक काय विचारतात. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच सुरू केलं होतं. तीन महिन्यांनी तिने मोजलं तर सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, 'संदर्भ विभाग कुठे आहे?' आणि तो विभाग काउंटरपासून वीस पावलांवर होता. वर पाटी होती, 'संदर्भ'. पण विचारणाऱ्यांना हवे होते शब्दकोश, नकाशे, जुनी वर्तमानपत्रं. 'संदर्भ' हा आपला शब्द, त्यांचा नव्हे. आम्ही पाटी बदलून 'शब्दकोश, नकाशे, जुनी वर्तमानपत्रं' अशी केली आणि पुढच्या महिन्यात तो प्रश्न वहीत जवळजवळ आलाच नाही.

हे तिने अर्जात लिहिलं नव्हतं. तिला ते काम वाटलंच नव्हतं. मोठ्या संस्थांत याच कामासाठी वेगळी पदं असतात. वापरकर्त्याचा अभ्यास म्हणतात त्याला. आम्ही ते चार वाक्यांत लिहिलं: काय दिसलं, कसं मोजलं, काय बदललं, त्यानंतर काय झालं. मग तिने तळाच्या त्या पांढऱ्या ओळीकडे बघितलं आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत 'वही' असं लिहून ठेवलं.

गेल्या आठवड्यात मुलाखत झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजावरून बरं की वाईट कळेना. त्यांनी तिला प्रत्यक्ष काम दिलं होतं: दोनशे ओळींची विस्कटलेली यादी आणि एक तास. ही नीट करा.

"मग?"

"मी आधी विचारलं, ही यादी कोण वापरणार आहे? विद्यार्थी की हिशेब विभाग? कारण त्यावर कोणता रकाना आधी साफ करायचा ते ठरेल. तर मॅडम, ते तिघं एकमेकांकडेच बघायला लागले. एक म्हणे विद्यार्थी, दुसरे म्हणे ऑडिट. त्यांचंच पाच मिनिटं चाललं. मग मला म्हणाले, दोघांसाठी करा. माझी एकशे चाळीसच ओळींपर्यंत मजल गेली. बाकीच्यांच्या सगळ्या झाल्या होत्या."

निकाल अजून यायचा आहे. मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच विषय बदलला. त्या समानार्थी शब्दांच्या शोधात आणखी एक जाहिरात निघाली होती, उद्या शेवटची तारीख.

"पण पदाचं नाव भलतंच काहीतरी आहे मॅडम. वाचून दाखवू?"

"नाव राहू दे. तळापासून वाच."

पलीकडून कागदाचा आवाज आला. तिने छापूनच घेतली होती.